नायकाची आई

मी सिनेमाला जाते तेव्हा काही खात नाही, कुणाशी बोलत नाही आणि ओळखीच्या माणसाशेजारी बसत नाही. तिकीट माझं मी काढते. शुक्रवारचा पहिला खेळ, पडद्यापासून चौथी रांग, मांडीवर वही. अंधारात न बघता लिहायची इतकी सवय झाली आहे की ओळी एकमेकींवर चढतात आणि घरी आल्यावर त्या सोडवत बसावं लागतं. मध्यंतरात मी जागची उठत नाही, कारण मध्यंतरात लोक मतं देतात, आणि दुसऱ्याचं मत एकदा कानात गेलं की ते काढता काढता नाकी नऊ येतात. परीक्षण लिहून होईपर्यंत फोन बंद. तारे मी देत नाही. निर्मात्याचा चहा पीत नाही, नटाच्या शेजारी उभी राहून फोटो काढत नाही. यावरून लोक मला माणूसघाणी म्हणतात. म्हणोत बापडे, त्यात खोटं काही नाही.

हल्ली थिएटरच्या दारातच काही मंडळी फोन स्वतःच्या तोंडासमोर धरून उभी असतात. मध्यंतर होत नाही तोच त्यांचा निकाल लागलेला असतो, आणि तो निकाल दिग्दर्शकानं आदल्या दिवशी पाजलेल्या कॉफीवर ठरलेला असतो. मला त्यांचा मनापासून राग येतो. ते खोटं बोलतात एवढ्यासाठीच नाही. ते पूर्ण बघत नाहीत, आणि बघितल्याचा आव आणतात. हा राग इतका का, असं मी स्वतःला विचारलं तर उत्तर अडचणीचं आहे. तेच एकदा मीही केलं होतं, आणि ज्या माणसाच्या बाबतीत केलं ते माणूस आमच्याच स्वयंपाकघरात राहत होतं.

आम्ही तेव्हा मरोद्याला राहत होतो, पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरात. दोन खोल्या, मागं छोटं अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि मधल्या वेळात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज यायचा. पाहुणे दचकायचे, आम्हाला तो आवाज थांबला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाबा भंडाऱ्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. खलाशी, म्हणजे साधे मदतनीस म्हणून प्लांटमध्ये लागले आणि होता होता रेल मिलमध्ये रूळ तपासायच्या कामावर गेले. थंड झालेला रूळ समोर आला की त्याच्या लांबीनं चालत जायचं, हात फिरवायचा, खाली आरसा धरून तळ बघायचा. पास झाला तर पांढरी खूण, नापास झाला तर लाल. आयुष्यभर त्यांनी एवढंच काम केलं आणि घरी येताना ते सोबत घेऊन आले.

आमच्या घरात कौतुक नावाची चीजच नव्हती. बाबा जेवायला बसले की पहिला घास चावताना आई ओट्याशी पाठमोरी उभी राहायची. लाखोळीची डाळ, मोकळा भात, कधी मुनग्याच्या पाल्याची भाजी, कधी पातोड्यांचा रस्सा. बाबा चावायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी." किंवा काहीच म्हणायचे नाहीत. काही न म्हणणं म्हणजे पास. "मीठ कमी" ऐकलं की आई झारा पातेल्यावर जरा जास्त जोरात आपटायची. माझं प्रगतिपुस्तक बाबा खिडकीशी नेऊन उजेडात बघायचे आणि ज्या विषयात गुण कमी त्याच्यावर नुसतं बोट ठेवायचे. मला त्या बोटाचा तिरस्कार होता. मोठी झाले तसं तेच बोट माझ्या हाताला आलं, हे मला कळायला फार वर्षं गेली.

आईला नाटकाचं वेड होतं. गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक नाटक व्हायचं आणि त्यात दरवर्षी त्याच पाच-सहा बायका काम करायच्या. आई त्यांतली एक. नाटक कसं का होईना, संपल्यावर चिवड्याच्या बशा फिरायच्या आणि सगळे एकमेकांना "छान झालं, चांगलं झालं" म्हणत हिंडायचे. एका वर्षी दुसऱ्या अंकात पडदा अडकला, एक बाई संवाद विसरून आत निघून गेली, तरी चिवड्याबरोबर "छान झालं" होतंच. मला त्या बशा फेकून द्याव्याशा वाटायच्या. आई मात्र घरी येऊन शेला घडी करता करता मला विचारायची, "कसं झालं?" मी म्हणायची, "ओरडून राहिली होती तू." ती मान डोलवायची. तिला ते आवडत नसे, पण दरवर्षी विचारायची ती मलाच.

एम.ए. होऊन मी घरीच बसले होते. एका हिंदी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या एका परीक्षणावर चिडून मी संपादकांना पत्र लिहिलं, की तुमच्या माणसानं हा सिनेमा बघितलेलाच नाही, कारण त्यानं ज्या गाण्याची तारीफ केली आहे ते गाणं सिनेमात नाही. संपादक दुबेजी. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तो अब आप ही लिखिए. मिर्ची कम मत कीजिएगा." मी कमी केली नाही. दर आठवड्याला कुणाचं तरी काहीतरी काढायची. नायकाचं पोट, नायिकेचा एकच एक चेहरा, गाण्यात विनाकारण येणारा बर्फ. लोक वाचून हसायचे, बाजारात ओळख द्यायचे. त्या हसण्याची मला चटक लागली. वाईट लिहिणं सोपं असतं आणि ते लिहिताना माणूस हुशार दिसतो, हे मला तेव्हाही आतून ठाऊक होतं.

राज्य नवीन झालं होतं आणि छत्तीसगढी सिनेमांना अचानक बरकत आली होती. ज्याच्या हाताला कॅमेरा लागला तो दिग्दर्शक. असाच एकजण गणपतीत मंडळाचं नाटक बघायला आला आणि त्यानं आईला नायकाच्या आईचं काम दिलं. का दिलं विचारलं तर म्हणाला, "चाचीजी बिना मेकअप के भी दुखी लगती हैं." आईनं हे घरी हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत. तिला छत्तीसगढी छान यायची, दूधवालीशी आणि भाजीवालीशी भांडून भांडून शिकलेली. हथखोजच्या कारखान्यांच्या पलीकडं एका खेड्यात शूटिंग होतं. ती रोज सकाळी डबा आणि स्वतःच्याच दोन जुन्या साड्या घेऊन जीपमधून जायची आणि संध्याकाळी धुळीनं भरलेली परत यायची. एकूण तीन सीन होते तिचे. त्या दिवसांत ती भाजीत मीठ विसरायची आणि बाबांनी "मीठ कमी" म्हटलं तरी झारा आपटायची नाही.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मंडळवाले तं छानच म्हणतीन. ते कायलेही छान म्हणतेत. तू मले सांगजो, पेपरात. जे आहे ते सांगजो."

"वाईट असंन तं?" मी विचारलं.

"तं वाईट. पण पाहून सांगजो."

तिनं आमच्या ओळीतल्या बारा क्वार्टरांत सांगून ठेवलं होतं, की माझी पोरगी माझ्याबद्दल पेपरात लिहिणार आहे.

शुक्रवारी पहिला खेळ. चौथी रांग, मांडीवर वही, सगळं नियमाप्रमाणे. सिनेमा भिकार होता, यात काही वादच नाही. नायक शेतातून पळत यायचा तो दुसऱ्याच ऋतूतल्या शेतात पोचायचा. खलनायकाच्या मिशीचा एक कोपरा सुटला होता. आणि मग पडद्यावर आई आली, आरतीचं ताट घेऊन, आमच्याच हिरव्या साडीत.  मी खाली वहीत बघितलं आणि तिचा सीन संपेपर्यंत वहीतच बघत राहिले. दुसऱ्या वेळी तिचा आवाज ऐकू आला तेव्हाही तसंच. तिसऱ्या वेळी तर आवाजही नव्हता, नुसत्या साडीच्या रंगावरून मला कळलं आणि मी मान खाली घातली. मी स्वतःशी म्हटलं, बाबाच म्हणतात ना, घरच्या माणसाचं काम आपण तपासायचं नसतं. रेल मिलमध्ये बाबांचा चुलतभाऊ ज्या पाळीत असे त्या पाळीचे रूळ बाबा दुसऱ्याकडून तपासून घेत. माझ्या भित्रेपणाला मी बाबांचा नियम घातला आणि सुटले.

परीक्षण तिखट झालं. शेत, मिशी, गाणी, एकूण एकाची हजेरी घेतली. नायकाचा बाप, नायकाची बहीण, अगदी नायकाच्या बैलाबद्दलही दोन ओळी होत्या. नायकाची आई मात्र त्यात नव्हती.

पेपर आला तेव्हा आई अंगणात होती. ओले हात पुसून तिनं तो घेतला आणि हिंदी वाचताना ठेवायची तसं ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. बैलाशी ती थांबली. मग पान उलटून मागं बघितलं.

"हे एवढंच आहे का? पुढं कोठी छापलं का?"

"एवढंच आहे."

"माह्याबद्दल?"

"नाही लिवलं."

"कावून?"

"तू माही आई होय. लोक म्हणतीन, घरच्या माणसाले चढवून राहिली."

"मंग पाडाचं होतं," ती म्हणाली. "चढव असं कोण म्हणलं तुले? बैलाचं लिवलं तू."

यावर मी उलट बोलले. जे बोलले ते इथं लिहायची लाज वाटते, तरी नियम म्हणून लिहिते. मी म्हणाले, "तीन सीनसाठी किती तमाशा करून राहिली. तू काही हिरोइन नोहोय." तिनं पेपराची घडी केली, माझ्या हातात दिली आणि आत गेली. शेजारच्या बायका दिवसभर येत होत्या आणि पेपराबद्दल एकीनंही काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं.

पुढचे दिवस घरात युद्ध होतं. आई माझ्याशी बोलायची ती बाबांमार्फत. "तिले म्हणा पाणी भर." मी समोर बसलेली असायची. ताट ती माझ्यापुढं वरून सोडायची, वाटीतली डाळ हिंदकळून भातावर यायची. मीही हट्टाला पेटले. मला वाटत होतं मी फार तत्त्वाचं वागले आहे आणि या बाईला त्याची कदर नाही. मला तिच्या जीपचा, तिच्या साड्यांचा, तिनं बारा घरांत करून ठेवलेल्या जाहिरातीचा राग येत होता. खरं म्हणजे मला तिची लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे कबूल करण्यापेक्षा राग धरणं बरं पडत होतं.

बुधवारी जेवताना बाबांनी मध्येच विचारलं, "तिचं काम कसं झालं?"

मी म्हणाले, "पाह्यलं नाही."

"थेटरात तं गेली होती तू."

"तिचे सीन आले का मी खाली पाहे. तुमीच तं म्हणता, घरच्या माणसाचं काम तपासाचं नाही."

बाबांचा हात ताटात थांबला. "मी म्हणतो, दुसऱ्याले दाखवाचं. बिनखुणेचा सोडाचा, असं कधी म्हणलं मी? लाल लागला तं तो वितळाले जाते. पांढरा लागला तं लायनीवर जाते. खूणच नाही लागली तं कोठी जाईन तो? पडला राह्यते यार्डात." आयुष्यात ते माझ्याशी एवढं सलग पहिल्यांदाच बोलले असावेत. मग ते म्हणाले, "न पाहता सही केली तू." आणि भात मागितला. आई ओट्याशी पाठमोरी होती. तिनं भात वाढला, कुणाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे सिनेमा उतरायचा दिवस. दुपारच्या खेळाला थिएटरात मोजून सातजण होते आणि त्यांतला एक झोपलेला. मी चौथ्या रांगेत बसले आणि या वेळी वहीकडं बघितलं नाही. जे लिहायचं ते न बघता लिहिलं. पहिल्या सीनमध्ये आई आरती ओवाळताना कॅमेऱ्याकडं बघत होती, नायक राहिला बाजूला. दुसऱ्या सीनमध्ये ती मंडळाच्या नाटकात रडते तशी रडली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशी. मला ते बघणं जड गेलं, तरी बघितलं. मग तिसरा सीन आला.

घरी आले तेव्हा ती मागच्या दारात मुनग्याचा पाला ओरबाडत बसली होती. मी समोर पायरीवर बसले आणि वही काढली. म्हणाले, "पाहून आली. सांगू का?" तिनं पाला बाजूला ठेवला. मी पहिल्या सीनचं वाचून दाखवलं. चांगलं अर्धं पान होतं.

"त्यानंच सांगतलं होतं कॅमेऱ्यात पाहा म्हून," ती म्हणाली.

"त्यानं सांगतलं तरी वाईट ते वाईट."

"हो. वाच समोर."

दुसऱ्याचं वाचलं. तेही अर्धं पान. ती म्हणाली, "हे मले मालूम होतं. गळा फाडून राहिली होती मी." तिच्या आवाजात आठवड्यात पहिल्यांदा राग नव्हता. ती माझ्याकडं बघत होती, आणि पुढचं ऐकायला ती पुढं सरकून बसली. मी वही मिटली आणि म्हणाले, "तिसरा चांगला झाला."

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे चांगला. खरा वाटला."

"खरा म्हणजे कसा?"

मला सांगता येईना. मी उघडून बघितलं, वहीत त्या सीनपुढं खरंच तेवढाच एक शब्द होता, "चांगला". मी चिडले. म्हणाले, "आता काय निबंध लिवू का त्याच्यावर?"

"वाईटावर लिवला ना," ती म्हणाली. "चांगल्यावर दोन पानं नाही, दोन ओळी तं लिव."  तिनं पाल्याचं सूप उचललं. "चांगला तं मंडळवालेही म्हणतेत," ती म्हणाली आणि आत गेली.

मी दुबेजींकडं गेले, दुरुस्तीच्या दोन ओळी छापा म्हणाले. ते म्हणाले, "पिक्चर उतर गई मैडम, अब किसके लिए?" मी हट्ट धरला असता तर त्यांनी छापल्या असत्या. मी धरला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, कारण त्या दोन ओळी माझ्याकडं नव्हत्याच. आईनं त्यानंतर मंडळाच्या नाटकात काम केलं नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे खरंच दुखायचे, पण त्या आधीपासून दुखायचे. माझं नाव होत गेलं. रायपूरच्या, मग नागपूरच्या पेपरांनी मला मागून घेतलं, आणि लोक मला ज्या ओळींसाठी ओळखतात त्या सगळ्या कुणाच्या तरी वाभाड्यांच्या आहेत.

बाबा गेले. आई आणि मी आता स्मृति नगरात राहतो, आणि अजूनही भांडतो. तिला ऐंशी वर्षं होत आली आहेत. माझं परीक्षण ती भिंगानं वाचते, बैलाचं नाव काढून टोमणा मारते, आणि मी तिला टोमणा परत करते. आमच्यात त्या गोष्टीवरून समेट असा कधी झालाच नाही. तो सिनेमा आता कुठं मिळत नाही. मी पुष्कळ शोधला. दिग्दर्शक गाव सोडून गेला, रिळांचं काय झालं कुणाला माहीत नाही. छापील पुरावा म्हणाल तर माझं ते परीक्षण आहे, बैलासकट. एक सिनेमा होता आणि त्यात एक बाई होती, हे लिहून ठेवायची जबाबदारी माझी होती. बघायला उरलं नाही, पण मी बघितलेलं आहे. तेव्हा उशिरा का होईना, लिहिते.

तिसऱ्या सीनमध्ये मुलगा शहराकडं निघून गेला आहे. आई चुलीशी बसून जेवते. इथं तिला रडायला सांगितलं असणार, एखादा संवादही दिला असणार, पण ती नुसती जेवते. घाईनं नाही आणि दुःखानं घास अडकल्यासारखंही नाही. दिवसभर राबलेलं माणूस जेवतं तसं. तीन-चार घास झाल्यावर तिच्या दाताखाली खडा येतो. ती चावायचं थांबते, बोटानं खडा काढते, उजेडाकडं धरून क्षणभर बघते आणि ताटाच्या कडेला ठेवते. मग पुन्हा जेवायला लागते. मुलगा गेला त्या दिवशीही भातात खडा निघतो, आणि तो काढून उरलेला भात खावा लागतो, हे त्या सिनेमात तेवढ्या एका बाईला माहीत आहे. तिच्यासमोर कॅमेरा आहे हे तिच्या लक्षात नाही, आणि बघणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. मी तेव्हापासून आजपर्यंत शेकडो सिनेमे बघितले आणि पडद्यावर जेवणारी माणसं पुष्कळ बघितली. एवढं चांगलं जेवलेलं कुणी बघितलं नाही.

नायकाच्या आईचं काम निर्मला कापगते यांनी केलं आहे.